गैरत की संशय?

“फोन कुणाचा होता?” “माहेरी एवढा वेळ का लागला?” लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत अशा प्रश्नांचे कौतुकच वाटते. घरचेही म्हणतात, “मुलगा गैरतवाला आहे.”

पण गैरत आणि संशय एक नव्हेत. गैरतवाला पती पत्नीची अब्रू जपतो. संशयी पती तीच अब्रू रोज चौकशीला उभी करतो. आधी मोबाईलचा पासवर्ड मागितला जातो, मग मैत्रिणी सुटतात, नोकरी सुटते, शेवटी माहेरही तुटते. अंगावर एकही वळ नसतो. पण बोलण्याआधी ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. हा छळच आहे.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत अतिसंशय आणि पाळत ठेवणे, दोन्हींची मनाई आहे. ती नवराबायकोलाही लागू होते.

२००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्याखालील अहवालाच्या नमुन्यात चारित्र्यावर आळ घेणे, नोकरी करू न देणे, घराबाहेर पडू न देणे, ठरावीक व्यक्तीला भेटू न देणे, हे सारे शाब्दिक व भावनिक छळात मोडते.

सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीत दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमण्याचा मार्ग सांगितला आहे. मुलीला जिवाची भीती असेल, तर मात्र बैठकीची वाट पाहू नये. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा किंवा संरक्षण अधिकाऱ्याला भेटावे. आणि माहेरच्यांनी “निभावून घे” म्हणण्यापूर्वी तिचे पूर्ण ऐकून घ्यावे.