विश्लेषण : पायांना सतत मुंग्या येण्यामागे ‘बी १२’ची कमतरता?

पायांना मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. अशा तक्रारी ‘वय झाले’ किंवा ‘साखरेमुळे असेल’ म्हणून सोडून दिल्या जातात. मात्र त्यामागे ‘बी १२’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. ती वेळीच ओळखली तर भरून काढता येते. उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

संवेदनांशी संबंध काय?

मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते, वायरीवरील प्लास्टिकसारखे. ते टिकवण्यासाठी ‘बी १२’ लागते. आवरण झिजले की मेंदूकडे जाणारे संदेश मंदावतात. मेरुरज्जूच्या मागील भागाला याचा विशेष फटका बसतो. पाय नेमका कुठे आहे, ही जाणीव तेथूनच मेंदूपर्यंत जाते. ती हरपली तरी उजेडात डोळे सांभाळून घेतात, अंधारात तोल जातो. म्हणूनच डॉक्टर रुग्णाला डोळे मिटून उभे राहायला सांगतात.

धोका कोणाला?

रोजची गरज अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅम. ती मांस, मासे, अंडी आणि दुधातून भागते. भाजी, भाकरी, डाळीतून नाही. त्यामुळे दूधदुभतेही कमी घेणाऱ्या शाकाहारींनी सावध राहायला हवे. उतारवयात किंवा जठराच्या शस्त्रक्रियेनंतर शोषण घटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही पातळी खालावू शकते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा उघड होते.

गफलत कुठे होते?

मधुमेहातही पायांना मुंग्या येतात, त्यामुळे दुसरे कारण शोधलेच जात नाही. हिमोग्लोबिन ठीक असले तरी मज्जातंतूंना इजा होत असू शकते. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी सुरूच राहते. दुसरीकडे, ‘बी ६’चा दीर्घकाळ अतिरेक झाल्यास त्यानेच पाय बधिर होऊ शकतात.

उपाय काय?

रक्ततपासणीतून ‘बी १२’ची पातळी समजते. त्यानुसार डॉक्टर इंजेक्शन किंवा गोळ्या देतात. मेटफॉर्मिन मात्र परस्पर बंद करू नये. मुंग्या येत असल्यास ही तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे.