गावोगावचे वृद्ध सैनिक : एक स्मरण

शेतकऱ्याच्या घरी बैलजोडी, औते, बी-बियाणे आणि देणे यांची नोंद कोठे ना कोठे असतेच. परंतु त्याच घरातून देशकार्यासाठी शेत सोडून गेलेल्या माणसाची नोंद मात्र सहसा आढळत नाही. नांदेड व लातूर जिल्ह्यांत अशी घरे पुष्कळ आहेत. दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदनाच्या वेळी पांढऱ्या टोपीचे जे वृद्ध गृहस्थ पुढच्या रांगेत बसत, ते आता फार थोडे उरले आहेत. कोणा एकाचे चरित्र न सांगता त्या सर्वांच्या आयुष्यक्रमाचे स्मरण आम्ही येथे करीत आहो.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता, तर उदगीर बीदर जिल्ह्यात मोडत असे. खळ्यातील धान्य लेव्हीत द्यावे लागे. माल सरहद्दीपार न्यावयाचा तर करोडगिरीचा नाका आडवा येई. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोलीजवळ अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढे ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा पुकारला, तेव्हा अनेक तरुणांनी तिफण भावाच्या हाती देऊन घर सोडले. त्यांनी सिंदीची झाडे तोडली, नाके जाळले व सरहद्दीवरील छावण्यांत रात्री काढल्या. नांदेडकडील मंडळी पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या छावणीत जात. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर हल्ला करून सुमारे वीस लक्ष रुपये लढ्यासाठी नेण्यात आले. कंधार तालुक्यातील कल्हाळीची गढी लढविताना कित्येक शूर धारातीर्थी पडले.

हे झाले रणातील. पण या माणसांना घरेही होती, हे आपण विसरतो. कारभारी छावणीत असता मृग कोणाची वाट पाहत नाही. पेरणी साधणे, सावकाराचा तगादा सोसणे, रझाकारांच्या भयाने लेकरे घेऊन रात्र शेतात काढणे, आणि आडरात्री आलेल्या अनोळखी माणसास भाकरी देणे, हा भार घरच्या स्त्रीने उचलला. आमच्या मते तीही सैनिकच होय.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत सूडापोटी निरपराध मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर व नांदेड यांची गणना केली. शेजाऱ्यास आपल्या घरी आसरा देणारे हिंदूही त्या वेळी होते. विजयानंतर हात आवरणे हे लढण्याहून कठीण असते, आणि ज्यांनी ते केले त्यांची थोरवी आम्ही अधिक मानतो.

लढा संपल्यावर बहुतेकांनी पुन्हा औत धरले. मुलींची लग्ने, मुलांचे शिक्षण व विहिरीचे कर्ज यांतच त्यांची पुढील वर्षे गेली. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा तुरुंगवासाचा दाखला किंवा भूमिगत कार्याचा पुरावा आवश्यक ठरला. रानोमाळ हिंडणाऱ्याजवळ कागद कोठला? आणि भाकरी देणारीस तर दाखला कोण देणार?

म्हणून आमची सभासद बांधवांस विनंती आहे की, घरातील पेटी एकदा उघडून पाहावी. जुने पत्र, दाखला, छायाचित्र जे सापडेल ते जपावे. घरात कोणी जाणते माणूस असेल, तर या उन्हाळ्यातील मोकळ्या दिवसांत त्याच्याजवळ बसून त्याची हकीकत वहीत उतरवून घ्यावी, व त्यात आजीचे नाव आजोबांच्या जोडीने लिहावे. बियाणे वेळीच राखले नाही तर वाण नाहीसे होते; आठवणींचेही तसेच आहे.