कल्याणपलीकडची दोन रुळांची कोंडी : मुंबईची उपनगरे वाढली, रेल्वेमार्गिका मागे का राहिल्या?

मुंबई : बदलापूर ते कर्जत या ३२ किलोमीटरच्या टप्प्यात तिसरी आणि चौथी मार्गिका टाकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. राष्ट्रीय पातळीवर ही बातमी फार मोठी ठरली नाही. त्याच बैठकीत गुजरातमधील देवभूमी द्वारका-कानालूस मार्गाच्या दुहेरीकरणालाही संमती मिळाली आणि दोन्ही प्रकल्पांची घोषणा एकत्रच झाली. परंतु अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ या पट्ट्यातून रोज मुंबई गाठणाऱ्यांसाठी या मंजुरीचा अर्थ वेगळा आहे. त्यांच्या वाट्याला आजही जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक, असे दोनच रूळमार्ग आहेत.

हा प्रश्न समजण्यासाठी नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघून ठाण्यामार्गे सुमारे ५४ किलोमीटरवरील कल्याणला पोहोचतो. तेथे त्याला दोन फाटे फुटतात. एक ईशान्येला कसाऱ्याकडे आणि पुढे नाशिकला जातो. दुसरा आग्नेयेला बदलापूर, कर्जत आणि पुढे बोरघाट चढून पुण्याकडे. कल्याणपर्यंत जलद लोकल, धीम्या लोकल आणि मेल-एक्स्प्रेस यांच्यासाठी वेगवेगळ्या मार्गिका आहेत. कल्याण सोडताच कर्जतच्या दिशेने ही सोय संपते. पुणे, सोलापूर आणि दक्षिण भारताकडे जाणाऱ्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल एकाच जोडमार्गावरून धावतात.

अशा मिश्र वाहतुकीचे गणित सरळ आहे, पण प्रवाशांना ते क्वचितच समजावून सांगितले जाते. सर्व गाड्या सारख्याच वेगाने धावत आणि सारख्याच स्थानकांवर थांबत असतील, तर त्या तीन-तीन मिनिटांच्या अंतराने सोडता येतात. मात्र प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या लोकलच्या मागे न थांबणारी एक्स्प्रेस आली, की एकतर एक्स्प्रेसचा वेग कमी करावा लागतो किंवा लोकल बाजूला घेऊन थांबवावी लागते. दोन्ही पर्यायांत रुळावरचा वेळ वाया जातो आणि एका एक्स्प्रेसच्या वाटेसाठी अनेकदा एकाहून अधिक लोकलचा वेळ खर्ची पडतो. त्यात कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे स्थानक. बोरघाटातील चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना येथे मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात आणि त्यासाठी फलाट अडून राहतात. ‘बदलापूरसाठी लोकल वाढवा’ ही मागणी प्रवासी संघटना वर्षानुवर्षे करीत आहेत. ती रास्तही आहे. पण गाड्या विकत घेतल्या तरी त्या धावणार कुठून, हा प्रश्न उरतोच.

दरम्यान, वस्ती थांबली नाही. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते शीव-माहीम या मूळ शहराची लोकसंख्या घटली आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर पोहोचली. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आणि मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबे परवडणाऱ्या घराच्या शोधात रुळांच्या कडेने पुढे-पुढे सरकत गेली. नोकऱ्या मात्र त्या प्रमाणात सरकल्या नाहीत.

हा विरोधाभास गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत सर्वाधिक ठळकपणे दिसला. राज्य शासनाने २०२४ मध्ये कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी शेलू व वांगणी येथे सुमारे ८० हजार घरे बांधण्याचे नियोजन पुढे आणले. ही दोन्ही स्थानके बदलापूर आणि नेरळच्या दरम्यान, टर्मिनसपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहेत. कामगार संघटनांनी त्यास विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात आंदोलनही झाले. घर मुंबईतच हवे, ही त्यांची मागणी. वाद हक्काचा आणि भावनेचा आहे, तसा तो वेळापत्रकाचाही आहे, याकडे फारसे लक्ष गेले नाही. ८० हजार घरांतील प्रत्येकी एक माणूस जरी सकाळी लोकलने निघाला, तरी दोन रुळांवरील आजच्या गाड्यांत तो उभा कुठे राहणार?

आजच्या गर्दीचे स्वरूप पाहिले की प्रश्नाची तीव्रता कळते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज सुमारे ७५ लाख प्रवासी जातात. ऐन गर्दीच्या वेळी डब्यातील एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी असतात. या अवस्थेसाठी रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी स्वतंत्र संज्ञा रूढ आहे. बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथचे प्रवासी आधी उलट दिशेने बदलापूरपर्यंत जातात आणि तीच गाडी मुंबईकडे वळली की बसून येतात. परिणामी बदलापूरच्या फलाटावर गाडी भरूनच येते, आणि तेथे चढणाऱ्यांशी रोजची वादावादी ठरलेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात काहींना प्राण गमवावे लागले. त्यानंतर विनावातानुकूलित लोकलनाही स्वयंचलित दरवाजे बसविण्याची घोषणा झाली. दरवाजे अपघात रोखतील. दारात लटकणारी माणसे आत मावतील अशी जागा मात्र त्याने निर्माण होत नाही.

नव्या मार्गिका हा त्यावरचा उपाय आहे, पण त्याचा इतिहास फारसा आश्वासक नाही. ठाणे-दिवा पाचवी व सहावी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या (एमयूटीपी) दुसऱ्या टप्प्यात २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाली. अंतर दहा किलोमीटरही नाही. खाडी, मुंब्र्याचा डोंगर, रुळांलगतची वस्ती आणि अखंड सुरू असलेली वाहतूक यांतून वाट काढायची होती, हे खरे. मोठी कामे प्रामुख्याने रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये किंवा रात्रीच्या मोजक्या तासांत करावी लागतात. त्यातून मिळालेल्या ३६ नव्या फेऱ्यांपैकी ३४ वातानुकूलित होत्या. साध्या पासधारकाला त्याचा लाभ किती झाला, याचे उत्तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिळाले. साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित फेऱ्या आल्याने बदलापूर आणि कळवा येथे प्रवाशांनी आंदोलन केले आणि मध्य रेल्वेला दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

बदलापूर-कर्जतचा प्रकल्प एकटा पाहून चालणार नाही. त्याच्या अलीकडचा दुवा, म्हणजे कल्याण-बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका, २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३अ मध्ये आहे. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली हे नवे स्थानकही नियोजित आहे. कल्याण स्थानकात लांब पल्ल्याच्या आणि उपनगरी गाड्यांच्या वाटा वेगळ्या करण्यासाठी यार्डाची फेररचना हवी. आणि सर्वांत अवघड दुवा दुसऱ्या टोकाला आहे. कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सहा मार्गिका झाल्या, पण कुर्ल्याहून टर्मिनसकडे जाणारी पाचवी-सहावी मार्गिका, २००८ च्याच मंजुरीतील, अद्याप अपूर्ण आहे. हा दुवा जोडला गेला नाही, तर कर्जतकडून अधिक गाड्या आल्या तरी दादरच्या अलीकडे त्यांना रांगेतच उभे राहावे लागेल.

पनवेल-कर्जत दुहेरी मार्ग म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. डिसेंबर २०१६ मध्ये एमयूटीपी-३ अंतर्गत मंजूर झालेल्या या सुमारे ३० किलोमीटरच्या मार्गावर चिखले, मोहोपे आणि चौक ही मधली स्थानके असून वावर्ले येथे २.६ किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा आहे. कर्जतच्या प्रवाशाला आज लोकलने पनवेल गाठायचे तर ठाण्याला वळसा घालावा लागतो. हा मार्ग सुरू झाल्यास नवी मुंबईत काम करणाऱ्यांना कल्याणच्या गर्दीत शिरण्याचे कारणच उरणार नाही. मात्र २०२५ च्या अखेरीसही तो प्रवाशांसाठी खुला झालेला नव्हता.

इतर महानगरांनी वेगळी वाट धरली आहे. दिल्ली-मेरठ ‘नमो भारत’ सेवेसाठी ८२ किलोमीटरचा पूर्णतः स्वतंत्र मार्ग आखण्यात आला. त्यावर गाड्या ताशी १६० किलोमीटरपर्यंत धावतात आणि एक्स्प्रेस किंवा मालगाडी आड येत नाही. बेंगळुरूमध्येही २०२० मध्ये मंजूर झालेली १४८ किलोमीटरची उपनगरी रेल्वे स्वतंत्र रुळांवरच असेल, यद्यपि तिचे काम संथ आहे. मुंबईत कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोचा प्रस्ताव आहे. परंतु मेट्रोचे भाडे लोकलच्या मासिक पासाच्या आसपासही येणारे नाही. दूरच्या उपनगरात माणूस जातो तो पैसे वाचवण्यासाठी, ही बाब नियोजनाच्या कागदावर अनेकदा निसटते.

आणखी एक घटक निसर्गाचा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. नव्या दोन मार्गिका याच खोऱ्यातून जाणार आहेत. त्यांची उंची किती ठेवायची, मोऱ्या आणि पूल किती रुंद करायचे, याचा निर्णय आराखड्याच्या टप्प्यावरच घ्यावा लागेल; भराव एकदा घातल्यावर तो बदलता येत नाही, आणि तो चुकल्यास पाणी रुळांवर आले नाही तरी शेजारच्या वस्तीत शिरेल.