सायकलला वाट दाखवणारं यंत्र घेताना

वस्तीतली तरुण मुलं-मुली आता पहाटे सायकल घेऊन लांबच्या रपेटीला निघू लागली आहेत. छातीला, गुडघ्याला, मनालाही हे चांगलंच आहे. पण थोडे दिवस गेले की घरात मागणी येते: 'आई, हँडलवर लावायचा जीपीएसवाला कॉम्प्युटर पाहिजे.' किंमत ऐकून आईबाबा गप्प होतात, आणि मग गोष्ट हप्त्यांवर जाते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर या यंत्राविषयी लिहीत आहोत.

आधी नावातली फसगत. 'सायकल कॉम्प्युटर' म्हणून काहीशे रुपयांत मिळतो तो बहुधा चाकाच्या काडीला लोहचुंबक लावून वेग आणि अंतर मोजणारा असतो. रस्ता त्याला कळत नाही. त्याच्या वरच्या पायरीवरची यंत्रं उपग्रहावरून जागा ओळखतात, पण पडद्यावर नकाशा नसतो, फक्त जायच्या वाटेची रेघ दिसते. गार्मिनचं एज १३० असंच आहे. पूर्ण नकाशा हवा तर एज ५३० सारखं घ्यावं लागतं आणि किंमत चांगलीच चढते. तेव्हा दुकानदाराला सरळ विचारा: यात नकाशा आहे का, भारताचा आहे का, आणि वाट चुकली तर नवी वाट स्वतः शोधतं का?

खरं तर पहिली चाचणी घरातल्या मोबाईलवरच करावी. जीपीएसला नेट लागत नाही, उपग्रहाचा संकेत फुकट येतो. नेट लागतं ते नकाशा उतरवायला. तो आदल्या रात्री घरीच उतरवून ठेवला की घाटात रेंज गेली तरी वाट दिसते. मात्र मोटारीचा पर्याय निवडू नका. तो तुम्हाला वांद्रे-वरळी सागरी सेतूवर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेऊन सोडेल, आणि तिथे सायकलला बंदी आहे.

मोबाईलची अडचण बॅटरीची. सतत पडदा चालू, वर ऊन, की तो तापतो आणि लवकर उतरतो. पावसात बोट लावलं तर पडदा ऐकत नाही. रस्त्याच्या हादऱ्यांनी काही फोनचे कॅमेरेही बिघडतात. ॲपलने २०२१ मध्ये मोटारसायकलच्या हादऱ्यांबद्दल तसा इशारा दिला होता. आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर ओळखीच्या रस्त्याने जाणाऱ्याला मात्र हे फार आड येत नाही. एक पॉवर बँक पुरते, असं आमचं मत.

ज्यांना २०० किलोमीटरची बीआरएम करायची आहे त्यांचा हिशेब वेगळा. त्याला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे यंत्राने दिवसभर टिकायला हवं. खोक्यावर लिहिलेले तास वाट दाखवताना आणि दिवा लावल्यावर कमी होतात. जुनं यंत्र घेणार असाल तर बॅटरी किती उरली आहे ते एक पूर्ण दिवस चालवून बघा, मगच पैसे द्या. आयपीएक्स ७ लिहिलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झालेली असते. पावसाला ते पुरे.

वळण दाखवताना आवाज येतो का, हेही पाहावं. ताशी वीस किलोमीटर वेगात तीन सेकंद मान खाली घातली तर सायकल सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात रिक्षाही आडवी येते आणि खड्डाही येतो.

एक गोष्ट आईबाबांसाठी. पडल्याची सूचना घरी पाठवणारी यंत्रंही बहुधा जोडलेल्या मोबाईलच्या नेटवरूनच ती पाठवतात. म्हणजे महागडं यंत्र घेतलं तरी खिशातला फोन सुटत नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी ब्रेकचे रबर बदला, पुढचा-मागचा दिवा आणि हेल्मेट घ्या. खिशात घरच्या नंबरची चिठ्ठी ठेवा. यंत्र पुढच्या वर्षी बघता येईल.