साक्षीदार कोण होतंय?

सकाळचे साडेसहा. पुण्यात शुक्रवार पेठेतल्या एका डेअरीच्या फळीशी अन्नसुरक्षा अधिकारी उभे आहेत. कॅन नीट ढवळून त्यांनी दूध घेतलंय, त्याचे पैसेही चुकते केलेत. आता ते चार बाटल्यांत सारखं ओततायत. रांगेतले सगळे हातात किटल्या धरून टक लावून बघतायत. मग ते प्रत्येक बाटलीत फॉर्मेलिनचे थेंब सोडतात.

“बघा, सरकारी माणूसच दुधात औषध घालतोय!”

“तपासेपर्यंत नमुना नासू नये म्हणून घालतात. नियम आहे,” अधिकारी मान वर न करता सांगतात. खरंच नियम आहे, पण रांगेत ते कुणाला पटलेलं दिसत नाही.

एक काकू मोबाइल पुढे करतात. २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना दुधामुळे कॅन्सर होणार, म्हणे जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा! असा इशारा त्या संघटनेने कधी दिलाच नव्हता. सरकारनेही तसा खुलासा केला. २०२५ सरलं, मेसेज फिरतोच आहे. मी काकूंना २०१८ च्या देशव्यापी पाहणीबद्दल सांगते. ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे घातक ठरले फक्त १२. मात्र ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर होतं. बुरशी लागलेल्या चाऱ्यातून ते दुधात उतरतं. इथे युरियाच्या नावाने सगळे धास्तावलेत, चाऱ्याचा विषय कुणीच काढत नाही.

“आकडे कुणाचे? सरकारचेच ना?”

यावर मला उत्तर सुचत नाही.

“साक्षीदार कोण होतंय?” अधिकारी विचारतात. रांग मागे सरकते. कोर्टकचेरी कोण मागे लावून घेणार?

“मी करते सही,” काकू म्हणतात. “पण निकाल कळला पाहिजे.”

“चौदा दिवसांत अहवाल कार्यालयात येतो.”

“कार्यालयात दूध कोण पितं? इथे लावा, या भिंतीवर.”

अगदी बरोबर बोलतायत त्या. नमुना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायचा आणि अहवाल फायलीत ठेवायचा, मग लोक मोबाइलवरच्या मेसेजवर विश्वास ठेवणार नाहीत तर काय करतील?

“चांगला आला तर मीच लावतो,” डेअरीवाले म्हणतात.

“आणि वाईट आला तर?” रांगेतून कुणीतरी विचारतं.

“कसाही आला तरी लावायचा,” काकू बजावतात आणि कागद पुढे ओढून सही करतात.