हम्बोल्टची पोरं

ऑगस्ट संपत आला की हम्बोल्टमधल्या काही घरांत एक खोली झाडूनपुसून ठेवली जाते. वाणसामानाच्या यादीत दूध, अंडी, पाव दुपटीने वाढतात. तळघरात ओले कपडे वाळत घालायला जागा केली जाते. मग एके दिवशी सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा दारात येऊन उभा राहतो. खांद्यावर त्याच्याएवढीच पिशवी, हातात दोन-तीन स्टिक. त्या पिशवीला घामाचा असा वास असतो की ती घरात न आणता गॅरेजमध्ये ठेवायची हे पहिल्याच दिवशी ठरतं. पुढचे सात-आठ महिने हा पोरगा याच टेबलावर जेवणार, घरातल्या धाकट्यांशी भांडणार, आजारी पडला तर इथलीच माऊली त्याला औषध देणार. नात्याने तो या घराचा कुणीच नाही. तो हम्बोल्ट ब्रॉन्कोज या आइस हॉकी संघाचा खेळाडू आहे.

कॅनडात अशा घरांना बिलेट म्हणतात. आपल्याकडे एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तिथे एकच घर सगळे वार सांभाळतं. घरखर्चाला थोडी रक्कम मिळते, पण पैशासाठी कुणी हे करत नाही. मला या संघाच्या इतिहासात करंडकांपेक्षा ही घरं मोठी वाटतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

हम्बोल्ट हे सस्कॅचेवन प्रांतातलं, सास्कटून शहराच्या पूर्वेला सुमारे 110 किलोमीटरवरचं गाव. कागदोपत्री ते शहर आहे, पण वस्ती जेमतेम सहा हजारांची. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांचं नाव त्याला मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कॅथलिक शेतकरी या भागात येऊन वसले. चहूकडे सपाट जमीन, गहू, कॅनोला आणि कडधान्यं. कॅनडातली बहुतेक मसूर याच प्रांतात पिकते आणि तिचं एक मोठं गिऱ्हाईक भारत आहे. आपल्या ताटातली आमटी आणि हे गाव यांच्यात एवढं नातं नक्की आहे.

हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. शेतं बर्फाखाली जातात, दुपार सरता सरता काळोख पडतो. अशा गावात लोकांनी संध्याकाळी जमायचं कुठे? तर रिंकवर. गावाला हॉकीचं वेड ब्रॉन्कोजच्या आधीपासून आहे. ग्लेन हॉल हा गोलरक्षक 1931 मध्ये इथेच जन्मला आणि गावाच्या तेव्हाच्या ज्युनियर संघातून पुढे गेला. तोंडाला मुखवटा न लावता त्याने एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये सलग 502 सामने गोल राखला. हॉकीची चकती म्हणजे इंचभर जाड, तीन इंच व्यासाचं, साधारण 170 ग्रॅम वजनाचं घट्ट रबर. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. ती दगडासारखी अंगावर येत असताना उघड्या चेहऱ्याने उभं राहणं काय असेल, याचा अंदाज करून पाहावा.

ब्रॉन्कोज संघ 1970 साली उभा राहिला. त्याच प्रांतातल्या स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज या वरच्या श्रेणीतल्या संघाशी तो जोडलेला होता, नावही तिथूनच आलं. जर्सी हिरवी-पिवळी. इथे एक गोष्ट आपल्या वाचकाने लक्षात घ्यायला हवी. हा संघ कुणा उद्योगपतीचा नाही, तो गावाचा आहे. गावातलीच माणसं संचालक मंडळावर बसतात, तिकिटं विकतात, सोडती काढतात, जेवणावळी घालून निधी जमवतात. कोल्हापुरात पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम फुटबॉल खेळायला शाहू स्टेडियमवर उतरली की अख्खी पेठ उतरते, तसंच हे. फरक एवढाच की तालमीची पोरं पेठेतली असतात आणि हम्बोल्टची बरीचशी बाहेरगावची. ज्युनियर हॉकी सोळा ते वीस-एकवीस वर्षांच्या मुलांची. कुणी दोन हंगाम राहतो, कुणी तीन. मग अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून जातो, किंवा स्केट खुंटीला टांगून कामधंद्याला लागतो. पोरं येतात-जातात. राहतं ते गाव.

या राहणाऱ्यांतलं एक नाव रिंकवरच कोरलेलं आहे. एल्गर पीटरसन हा ना खेळाडू, ना मालक. वर्षानुवर्षं संघाच्या सामानाची आणि त्या निमित्ताने पोरांची देखभाल करणारा गावकरी. गावाने आपल्या रिंकला ‘एल्गर पीटरसन अरीना’ हे नाव दिलं. सुमारे अठराशे माणसं बसतील एवढी जागा, म्हणजे गावातल्या दर तीन-चार माणसांमागे एक खुर्ची.

सामानाची देखभाल हे हमालीचं काम नव्हे. स्केटचं पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं. त्याला खालून लांबवर खोबण असते आणि खोबणीच्या दोन्ही अंगांना एकेक धार. फिरत्या दगडावर पातं धरून ही खोबण घासायची. ती खोल गेली तर स्केट बर्फाला घट्ट धरतो, वळण झटकन घेता येतं, पण वेग मारला जातो. उथळ राहिली तर घसरण छान, पण पकड कमी. कुणाला किती हवी हे वजनावर आणि खेळण्याच्या ढंगावर ठरतं आणि धार लावणाऱ्याला ते पोरागणिक पाठ असतं.

बर्फाचंही तसंच. काँक्रीटच्या लादीत नळ्या पुरलेल्या, त्यांतून गोठणबिंदूच्या खाली थंड केलेलं खारं पाणी खेळतं. वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत जेमतेम इंचभर बर्फ तयार करायचा. वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांत स्केटनी तो खरवडून निघतो. मध्यंतरात झांबोनी नावाचं अवजड वाहन संथपणे फिरतं. त्याचं पातं वरचा पापुद्रा तासतं आणि मागचं ओलं फडकं पाण्याचा नवा थर पसरतं. पाणी गरम वापरतात. गरम पाणी खालचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. वाहन पुढे गेलं की मागे काळ्याभोर आरशासारखा पट्टा चमकतो, आणि हळूहळू पांढरा होत जातो. गावातली लहान मुलं हे डोळे फाडून बघत बसतात.

ब्रॉन्कोजने प्रांताच्या लीगचं विजेतेपद दहा वेळा मिळवलं. 2003 आणि 2008 साली ते देशातले सर्वोत्तम ज्युनियर ‘ए’ संघ ठरले. 2012 ची राष्ट्रीय स्पर्धा तर याच सहा हजारांच्या गावाने भरवली.

2015 मध्ये डार्सी हॉगन प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी संघासाठी वागण्याची एक लेखी संहिता केली होती. तिच्यात कुटुंबाला पहिलं स्थान होतं. 2018 च्या वसंतात बाद फेरी सुरू झाली तेव्हा पोरांनी आपले केस पिवळेधमक रंगवून घेतले, सगळ्यांनी एकसारखे. उपांत्य फेरीच्या मालिकेत प्रतिस्पर्धी निपाविन हॉक्स 3-1 असे पुढे होते. पाचवा सामना हरला तर हंगाम संपणार होता.

6 एप्रिल 2018. संध्याकाळी पाचच्या सुमाराला संघाची बस पाचव्या सामन्यासाठी निपाविनकडे निघालेली होती. 35 आणि 335 क्रमांकांचे महामार्ग आर्मलीजवळ एकमेकांना छेदतात. तिथे थांब्याची खूण न पाळता पीटचे गठ्ठे लादलेला ट्रक बसच्या वाटेत आला. बसमध्ये 29 जण होते, त्यांतले सोळा गेले. दहा खेळाडू, हॉगन आणि त्यांचे साहाय्यक, संघाची फिजिओ, बसचालक, रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा तरुण आणि आकडेवारी ठेवणारा अठरा वर्षांचा स्वयंसेवक. उरलेले तेराही जखमी, काही कायमचे जायबंदी.

आणि ते केस. एकसारखे पिवळे केस, एकसारखी बांधणी, सुजलेले चेहरे. दोन मुलांची ओळख उलटसुलट झाली. एका घराला कळवलं गेलं होतं की तुमचा मुलगा गेला, दुसऱ्या घराचे लोक रुग्णालयात खाटेशेजारी बसून होते. दोन दिवसांनी खरं काय ते कळलं. यावर मला काही लिहिता येत नाही.

अपघाताच्या रात्री एकाच मुलासाठी दोन-दोन घरं सुतकात होती. एक जन्माचं, दूर कुठेतरी. दुसरं हम्बोल्टमधलं, जिथे त्याची खोली तशीच होती. देशभर लोकांनी घराबाहेर हॉकी स्टिक ठेवल्या, दिवा लावून, पोरांना लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून. मदतनिधीत दीड कोटी डॉलरहून जास्त जमले. लोगन बूले हा एकवीस वर्षांचा खेळाडू काही आठवड्यांपूर्वीच, वाढदिवसानंतर, अवयवदाता झाला होता. त्याच्या अवयवांनी सहा जणांना आधार मिळाला, आणि पुढच्या काही आठवड्यांत लाखभराहून अधिक कॅनडावासीयांनी दाते म्हणून नाव नोंदवलं. 7 एप्रिलला तिथे त्याच्या आठवणीत हिरवे शर्ट घालतात.

ट्रकचालक भारतातून आलेला तरुण होता, या कामावर अगदी नवखा. त्याने गुन्हा कबूल केला, खटला लांबू दिला नाही. 2019 मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. मृतांच्या काही कुटुंबीयांनी त्याला कोर्टात क्षमा केली, काहींना ती करता आली नाही, आणि दोन्हीही मला समजतं. मोठा प्रश्न वेगळा होता: अवजड ट्रक हाती द्यायच्या आधी शिकवायचं किती, याची सक्तीच नव्हती. मार्च 2019 पासून प्रांताने 121.5 तासांचं प्रशिक्षण बंधनकारक केलं. 2020 च्या सप्टेंबरपासून देशात नव्याने बनणाऱ्या मोठ्या बसना सीटबेल्ट सक्तीचे झाले. दोन्ही नियम आधी करता आले असते, ही खंत मनातून जात नाही.

त्या वर्षी संघ बंद ठेवावा असं कुणी म्हटलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. पण ऑगस्ट आला आणि हम्बोल्टमध्ये पुन्हा खोल्या झाडल्या गेल्या. नवा प्रशिक्षक, बहुतेक सगळी नवी पोरं. बसमधून वाचलेल्यांपैकी दोघं पुन्हा बर्फावर उतरली. 12 सप्टेंबर 2018 ला हंगामातला पहिला सामना घरच्या रिंकवर होता, समोर निपाविन हॉक्स. ज्यांच्याशी खेळायला ती बस निघाली होती, तोच संघ. देशभर लोक दूरचित्रवाणीसमोर बसले होते.

ब्रॉन्कोज 2-1 असे हरले. पोरांनी पिशव्या उचलल्या आणि ती आपापल्या घरी गेली, म्हणजे हम्बोल्टमधल्या आपापल्या घरी.