‘अगं, पण तू तर मस्त हसत होतीस!’

शेजारच्या डेस्कवरचं डिप्रेशन आपल्याला दिसत का नाही? आठ महिने त्याच डेस्कवर बसून आल्यावर सापडलेली काही उत्तरं...

‘डिप्रेस्ड’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो? इंडिया मॅच हरली, डिप्रेस्ड. अप्रेझलमध्ये बॉसने गोड बोलून बोळवण केली, डिप्रेस्ड. लोणावळ्याचा प्लॅन फिसकटला, जाम डिप्रेस्ड! आणि बाजूच्या क्युबिकलमधलं कुणीतरी खरोखर डिप्रेशनमध्ये असतं, तेव्हा आपण काय म्हणतो? ‘हल्ली जरा जास्तच भाव खाते ना ही?’

ती ‘भाव खाणारी’ मी होते. २०१९ मध्ये, हिंजवडीतल्या एका कंपनीत. जवळजवळ आठ महिने. त्या काळात माझ्यावर झालेली निदानं ऐका. टीम लीड म्हणाला, ‘कमिटमेंट कमी झालीये.’ रूममेटने ठरवलं, ब्रेकअप झालंय. आईचं मत, हिमोग्लोबिन कमी असणार, रोज खजूर खा. फॅमिली डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. आणि शेवटी खरं काय ते मी सांगितलं, तेव्हा सगळ्यांची एकच रिअ‍ॅक्शन... ‘अगं, पण तू तर मस्त हसत होतीस!’

यातलं कुणीच वाईट नव्हतं हं. प्रत्येकाला काहीतरी बदललेलं दिसत होतं. त्याला आजाराचं नाव असू शकतं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. का येत नाही?

रडणं कंपल्सरी नाही

आपल्या डोक्यातलं डिप्रेशन सिनेमातून आलंय. खिडकी, बाहेर पाऊस, आत डोळ्यांत पाणी. डॉक्टरांची यादी वेगळी आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकन मॅन्युअलमध्ये नऊ लक्षणं दिली आहेत. त्यातली किमान पाच, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. आणि दोनपैकी एक तर हवंच : उदास मूड किंवा कशातच रस न उरणं. या ‘किंवा’कडे नीट बघा. म्हणजे माणूस अजिबात दुःखी दिसत नसला, तरी त्याला डिप्रेशन असू शकतं.

माझं तसंच होतं. मला रडू येत नव्हतं, मला काहीच येत नव्हतं. रविवारची मिसळ पुठ्ठ्यासारखी लागायची. मैत्रिणीचं लग्न ठरलं, मी ‘वॉव’ टाइप केलं आणि फोन उलटा ठेवला.

उरलेली लक्षणं अशी : झोप आणि भूक बिघडणं, थकवा, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, लक्ष न लागणं, आपण बिनकामाचे आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. आता हीच यादी ऑफिसच्या भाषेत वाचा. लक्ष लागत नाही, म्हणजे ‘मेलमध्ये सिली मिस्टेक्स’. निर्णय घेता येत नाही, म्हणजे ‘ओनरशिप घेत नाही’. थकवा म्हणजे ‘आळशी’. टीम लंचला टाळाटाळ म्हणजे ‘शिष्ट’. बघितलंत? एका आजाराचे तुकडे करून आपण चार अवगुण तयार केले.

मानसशास्त्रात या खोडीला नावसुद्धा आहे. ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ते दिलं. सोप्या मराठीत फंडा असा : दुसरा उशिरा आला तर तो बेशिस्त, आपण उशिरा आलो तर वाकडच्या पुलावर ट्रॅफिक! दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, त्याच्या परिस्थितीत नाही.

सकाळी नापास, संध्याकाळी पास

हा पॉइंट फारसा कुणाला माहीत नसतो. डिप्रेशन असलेल्या बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात भयंकर असते. नेहमीच्या वेळेच्या दोन-दोन तास आधी जाग येते, पण अंथरुणातून उठवत नाही. दिवस कलतो तसं थोडं बरं वाटायला लागतं.

ऑफिसात हे कसं दिसतं? दहाच्या मीटिंगला मी ठोंब्यासारखी बसलेली. कंपनीची बस चुकलेली, केस विस्कटलेले. आणि साडेपाचला टपरीवर कटिंग पिताना एखादा जोकही मारणारी. बघणाऱ्याने काय समजायचं? ‘काम आलं की हिला बरं नसतं, चहाला बरी टुणटुणीत!’ माझ्या संध्याकाळच्या हसण्याने माझ्या सकाळच्या आजाराला खोटं पाडलं होतं.

‘पण झालंय काय तुला?’

हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, पण त्यात एक अट लपलेली असते. कारण दाखव, मग दुःख मंजूर! नोकरी गेली, कुणी वारलं, लग्न मोडलं तर ठीक. पगार चांगला, घरचे चांगले, तरी हे असं? मग ‘मनाला लावून घेऊ नकोस’ आणि ‘रिकामं मन सैतानाचं घर’ सुरू.

दीपिका पदुकोणचं उदाहरण इथे चपखल बसतं. २०१३ मध्ये तिचे ओळीने चार सिनेमे हिट झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका सकाळी ती पोटात विचित्र पोकळी घेऊन जागी झाली, असं तिनेच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. आई-वडील भेटायला आले होते, ते परत निघताना तिला रडू फुटलं. आईने विचारलं, कामाचं काही आहे का? कुणा मुलाचं? मुलीकडे उत्तरच नव्हतं. ते ऐकून ‘मग उगाच रडू नकोस’ असं आई म्हणाली नाही. हिला डॉक्टरची गरज आहे, हे तिने ओळखलं. डिप्रेशनला कधी निमित्त असतं, कधी नसतं. निमित्त सापडलं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही.

शब्द आपल्याकडेच आहेत

आपल्याकडे पेशंटसुद्धा ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. तो म्हणतो डोकं जड आहे, अंगात त्राण नाही, झोप नाही, टेन्शन आहे. डॉ. विक्रम पटेल यांनी आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेने गोव्यात हेच ओळखून, प्राथमिक आरोग्य केंद्रांतच डिप्रेशनचे उपचार करून दाखवले. तेही डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांकडून.

आणि गंमत म्हणजे मॅन्युअलमधल्या त्या दुसऱ्या लक्षणाला आपल्या आज्यांकडे नेमकं वाक्य होतं... ‘कशातच जीव लागत नाही गं.’ हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलंत, तर पुढचा स्टॉप घेऊ नका. तिथेच थांबा.

अडचण एकच. बरेच जण हे बोलतच नाहीत. या आजाराची आयडियाच तशी डेंजर आहे. तो तुम्हाला पटवून देतो की तुम्ही आजारी नाहीच, नालायक आहात. मग नालायकपणा कोण सांगत फिरणार? मीही हसणं, इमोजी, ‘ऑल गुड!’ सगळं नीट सांभाळलं होतं.

माझं बिंग फोडलं शेजारी बसणाऱ्या एका कलीगने. तिने मानसशास्त्र वगैरे झाडलं नाही. म्हणाली, ‘तीन आठवडे झाले, डबा अर्धा परत नेतेस. आणि आधी कॅबमध्ये गाणी म्हणायचीस, आता नाही म्हणत. चल, कुणाला तरी दाखवू.’ तिने मला सिनेमातल्या उदास मुलीशी ताडून पाहिलं नव्हतं, आधीच्या ‘मी’शी ताडून पाहिलं होतं. त्या शनिवारी ती सायकिअ‍ॅट्रिस्टच्या वेटिंग रूममध्ये माझ्या बाजूला मासिक चाळत बसली होती. गोळ्यांचा परिणाम जाणवायला तीनेक आठवडे लागले. कौन्सेलिंग पुढे बरेच महिने चाललं.

बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता). दर वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन आलेलं होतं. आणि त्याचा त्रास असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळालेच नव्हते. कंपनीच्या बसमध्ये चाळीस सीट्स असतात. हिशेब तुम्हीच करा.

एवढं लक्षात ठेवा

• फरक बघा : माणूस शांत आहे का, हा प्रश्न नाही. आधीपेक्षा शांत झालाय का, हा आहे. दोन आठवडे टिकलेला बदल सीरियसली घ्या.

• दिसलं ते सांगा : ‘तू डिप्रेस्ड आहेस’ नको. ‘डबा अर्धा परत नेतेस’ चालेल.

• हे टाळा : ‘चिल मार’, ‘पॉझिटिव्ह विचार कर’, ‘गोव्याला जाऊन ये’.

• थेट विचारा : ‘जगणं नको वाटतंय का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर एकटं सोडू नका.

• नंबर सेव्ह करा : टेलि-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारी हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

• सोबत जा : पत्ता फॉरवर्ड करणं सोपं असतं. अपॉइंटमेंट घ्या, रिक्षात शेजारी बसा.